भोवत्यांची निजायची जागा

समजा, दिवसभर उडून उडून तुमचे खांदे भरून आलेत. अंधार पडायला आलाय आणि तुम्हाला ओढ लागलीय ती फक्त अंथरुणाची. तुम्ही घराशी पोचता. घर जागेवर आहे, पण अंथरूण काही कुठे दिसत नाही. आणा बरं डोळ्यांसमोर. आलं? मग आता ही गोष्ट समजायला जड जाणार नाही.

भोवत्या हा शिकारी पक्षी, घारीचा लांबचा भाऊबंद म्हणा. थंडीत दूरदेशाहून येतो. दिवसा एकेकटा हिंडतो, पण झोपायला मात्र त्याला सगळा गोतावळा लागतो. आणि झोपतो कुठे, तर झाडावर नाही. उंच गवतात, जमिनीवर. गवतात शिरला की कोल्ह्यालासुद्धा पत्ता लागत नाही.

टिकली नावाच्या एका छोट्या मुलीच्या आईचं काम असं, की कुठे पवनचक्क्या किंवा सोलर पॅनेल उभारायचं ठरलं, की आधी तिथे जाऊन बघायचं. इथे कोण राहतं? कुणाचं काय बिघडेल? मग अहवाल लिहायचा. उंच गवताच्या अशाच एका माळरानावर सोलर पॅनेल येणार होते. वीज तर हवीच; तिच्याही घरातले दिवे सारखे जायचे. तिचं म्हणणं एवढंच, की पॅनेल गवतावर न बसवता शेजारच्या खडकाळ उतारावर बसवावेत. त्याला अहवालातलं एकच वाक्य पुरलं असतं: इथे भोवत्या पक्षी निजतात. मागच्या थंडीत रस्त्यावरून जाताना तिने थवा उतरताना पाहिलाही होता. पण नेमणुकीच्या आधी पाहिलेलं धरत नाहीत. आणि मोजायचा तोही जमिनीवर उतरलेला पक्षी. डोक्यावरून गेला तो नाही.

त्या दुपारी टिकलीला घेऊन ती गाडीतून उतरली आणि दार लावायचंच विसरली.

पॅनेलच्या कामावरचा मुकादम दोन्ही हात पसरून पुढे आला. "बघा ताई! पायवाट मागितलीत, हमरस्ता करून दिला. सगळं माळरान भुईसपाट! आता तुमच्या गुडघ्याची काय बिशाद आहे कुरकुरायची!"

"सगळं कापलंत?"

"यंत्र भाड्याने आणलंच होतं. म्हटलं, ताईंचं काम, हात कशाला आखडता घ्या?"

"दादा, मी पायवाट म्हटलं होतं हो."

"म्हटलं होतंत. पण कुठून चालणार, ते कुठे सांगितलंत?"

ते खरंच होतं. गुडघा ऐकत नाही, चालण्यापुरतं गवत काढून ठेवा, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. त्याने तर बिचाऱ्याने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. रागवायचं कुणावर?

तिने ऑफिसात मॅडमना फोन लावला. "मॅडम, गवत पुन्हा वाढू दे. पुढच्या थंडीत मोजते."

"अगं, पॅनेलच्या जागेची सुनावणी परवावर आलीय. मी पुढची थंडी कुठून आणू? आणि गवत कापायला सांगितलं कुणी?"

"मीच. पण पायवाटेपुरतं."

"मग झालं तर. जे दिसेल ते लिही."

"काहीच दिसणार नाही, मॅडम."

"मग तसं लिही."

ऊन कलल्यावर ते आले. आधी एक, मग चार, मग आभाळभर. पंख सैल सोडून, अगदी खालून.

"आई, आले! केवढे आहेत गं! मोज की पटापट!"

"उतरू दे."

थवा माळरानावर फिरला. पुन्हा फिरला. एकाने पाय खाली सोडले, कापलेल्या गवताचे खुंट लागले असावेत, तसा तो फडफडत वर गेला. दुसऱ्याचंही तसंच. आईच्या हातातलं पेन जागच्या जागी होतं.

मुकादमाने टोपी काढली. "हे इथे झोपायला येतात होय? मला वाटलं, नुसतं गवतच आहे," तो पुटपुटला, आणि मग कुणाकडेच बघेना.

"आई, उतरत का नाहीत?"

आईला नेहमी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट समजावून द्यायची सवय. आज तिने नुसतं टिकलीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"मला कळलं," टिकली म्हणाली. "आपण अशा खांबासारख्या उभ्या आहोत ना, म्हणून! घाबरतात ते. खाली बस ना गं. काका, तुम्हीपण बसा. आणि बोलायचं नाही."

मुकादम मुकाट्याने मातीत बसला. आईही बसली, दुखऱ्या गुडघ्यासकट. तसं नाही गं बाळा, हे वाक्य तिने गिळून टाकलं. थवा वर वर चढत होता. आता त्यातला एकेक पक्षी वेगळा दिसेनासा झाला होता.

टिकलीने अंगातला लाल स्वेटर काढला. तो लांबूनसुद्धा दिसतो म्हणून घडी करून पोटाखाली दडवला. मग ती त्या टोचऱ्या खुंटांवर पालथी पडली, तोंड हातांत लपवलं, आणि श्वाससुद्धा रोखून धरला.