अकरा गठ्ठ्यांचा 'गेट'

चादरींना इंग्रजी येत नाही. पण हॉस्पिटलच्या धुलाईघराच्या मुकादमाला आलं पाहिजे, असं नव्या मोठ्या साहेबाच्या डोक्यात आलं. आधीचे दोन मुकादम माझ्या आत्यानेच शिकवून तयार केले. साबण किती घालायचा हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्यांना कुणी इंग्रजी विचारलं नाही. आत्याची पाळी आली तेव्हा तोंडी परीक्षा निघाली. नापास झाली तर तिसराही बाहेरचा येणार आणि त्यालाही तिनेच शिकवायचं.

"नाही शिकवणार," आत्या म्हणाली. "त्यापेक्षा इंग्रजी शिकते."

तिने आणलेल्या इंग्रजीच्या गाइडात एकट्या 'गेट' या क्रियापदाचे अर्थ दोन पानं भरून. मिळणं, आणणं, होणं, पोचणं, कळणं. पुढे 'अप', 'ओव्हर' लागलं की आणखी वेगळे.

"आगंतुक पाहुणा आहे मेला," ती म्हणाली. "कुठल्याही वाक्यात पथारी पसरतो."

सव्वीस वर्षं ती एक ते अकरा वॉर्डांचे गठ्ठे त्याच क्रमाने बांधते. तिने अकरा अर्थ निवडले, वॉर्डाला एक. त्या अर्थांचे इंग्रजी शब्द कापडी पट्ट्यांवर लिहून ॲप्रनच्या डाव्या खिशात ठेवले. वॉर्डांच्या नंबरांच्या पट्ट्या उजव्या खिशात.

परीक्षेच्या आदल्या सकाळी खिसे चुकले. पाठ करता करता तिने गठ्ठ्यांना 'गेट'च्याच पट्ट्या टाचल्या. गठ्ठ्यांची गाडी वर पाठवणं माझं काम; मी न बघता पाठवली.

तासाभरात गाडी परत आली. मागून मेट्रनबाई. त्या परीक्षा घेणाऱ्यांत होत्या.

"मावशी, सगळ्या चादरी पांढऱ्या. भाजलेल्यांच्या दोनदा उकळलेल्या कुठल्या? मी काय वास घेऊन ओळखू?"

आत्याने पदर खोचला.

"पट्टी वाचा."

"गेट अप."

"उठणं. सहा नंबर, हाडांचा वॉर्ड. तिथे कुणी उठत नाही, म्हणून लक्षात राहिलं."

"गेट ओव्हर."

"सावरणं. नऊ, भाजलेल्यांचा. तो गठ्ठा आधी न्या."

"गेट अलाँग?"

"जुळवून घेणं. चार, बाळंतिणींचा. सगळ्यांच्या सासवा तिथेच बसलेल्या असतात."

मेट्रनबाईंनी हसू दाबलं आणि उरलेल्या आठही पट्ट्या वाचल्या. आत्या अडली नाही. गाडी पुन्हा वर गेली.

"चूक ती चूक," जाताना त्या म्हणाल्या. "नोंद करावी लागेल."

"करा. पण सगळी करा. वॉर्ड कसे सांगितले तेही लिहा."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाने 'गेट'चे तीन अर्थ विचारले. आत्याने एक नंबरपासून सुरुवात केली. तिसऱ्याला साहेब 'पुरे' म्हणाला. आत्या म्हणाली, "वॉर्ड राहिलेत, साहेब," आणि अकरापर्यंत जाऊनच थांबली. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत होत्या, खांदे हलत होते.

सोमवारी मुकादमाच्या किल्ल्या आत्याच्या कमरेला आल्या. पहिलं काम तिने काय केलं असेल, तर ॲप्रनचा डावा खिसा शिवून टाकला.