बिनधुळीचं तेल

आमचा सौमित्र माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. तो मशीनच्या तेलावर ठेवतो. अकोल्याला एका तेलगिरणीत तो मेंटेनन्सचा मोठा साहेब आहे. तिथल्या जनरेटरचं वापरलेलं तेल अधूनमधून बाटलीत भरून नागपूरच्या लॅबला जातं आणि लॅब कळवते की आत काय झिजलं, काय गळतंय, मशीन अजून किती दिवस साथ देईल. या नोकरीत त्याची इतकी वर्षं गेली की फोनवर मी "बरी आहे रे" म्हटलं, तरी पलीकडे तो पुराव्याची वाट बघत गप्प राहतो.

आता त्याच्या वडिलांबद्दल. वामनराव म्हणजे अमरावतीच्या कोर्टात जन्म घालवलेले वकील. पुढची तारीख मागण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. वकिली थांबवली तेव्हा त्यांनी एक लहान पांढरी गाडी घेतली. ती आमच्या दारासमोर, कडुनिंबाखाली उभी असते. गाडी दारात आहे तोवर कॉलनी आपल्याला वकीलसाहेब म्हणेल, अशी त्यांची समजूत आहे.

उन्हाळ्यात त्या गाडीला दुसरंच काम लागतं. अमरावतीचा मे महिना कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्या घरात कूलर आहे. तो हवा कमी आणि आवाज जास्त देतो. म्हणून जेवणं आटोपली की वामनराव, एसटीतून रिटायर झालेले नत्थुजी आणि कॉलनीतले आणखी दोघे गाडीत जाऊन बसतात. इंजिन सुरू, एसी सुरू, मधे एक जुनी फाइल आडवी आणि तिच्यावर पत्ते. उन्हं उतरेपर्यंत रमी चालते. पेट्रोल संपलं की नत्थुजी मोपेडवर कॅन घेऊन पंपावर जातात. गाडी जागची हलत नाही, पण देशाचा कारभार तिथून रोज हलतो.

लोकांना वाटेल, बायको म्हणून मी कटकट करत असेन. मुळीच नाही. मी त्या चौघांना गाडीच्या काचेतून चहा देते आणि घरात येऊन दार लावून घेते. लग्नापासून या माणसाचा आवाज माझ्या कानात आहे. अंघोळ करताना बोलतात, जेवताना बोलतात, झोपेतसुद्धा साक्षीदार तपासतात. दुपारचे ते काही तास माझ्या घरात कोणी बोलत नाही. मी पुस्तक वाचते, नाहीतर नुसती छताकडे बघत पडून राहते. मला ते तास फार प्रिय आहेत, हे मी स्पष्टच सांगते.

गाडी हलत नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे. म्हणजे त्यांनाही आहे, पण ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. दिवाळीनंतर त्यांनी डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडला. मग पुन्हा सांडला. दाराची डावी चौकट खांद्याला लागायला लागली. एक दिवस ते "जुना अशील भेटाले बोलावते" म्हणून एकटेच गेले आणि डोळ्यांत औषध घालून परतले. शेजारी डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स राहते, तिच्याकडून मला कळलं की काचबिंदू आहे आणि गेलेली नजर परत येत नाही. त्या दिवसापासून वकीलसाहेबांना गाडी काढायला सवड मिळाली नाही. कधी पेट्रोल महाग, कधी रस्ता खराब, कधी ग्रहण. मी काही बोलले नाही, फक्त चहा उजवीकडे ठेवायला लागले.

आणि मग सौमित्रला त्याच्या एका वर्गमित्राने कळवलं. हा वर्गमित्र पंपावर असतो. तो म्हणाला, तुझ्या बाबांच्या गाडीसाठी कॅनवर कॅन पेट्रोल जातं. सौमित्रने डोकं चालवलं. इंजिनिअरचं डोकं ते. त्याने निष्कर्ष काढला की बाबा या वयात दर्यापूर, परतवाडा, वरूड असे भटकतात, आणि इतके भटकतात की वाटेत पेट्रोल संपतं म्हणून सोबत कॅन ठेवतात.

रविवारी तो दारात हजर.

"बाबा, गाडी मी अकोल्याला नेतो. या वयात हायवेवर चालवायची नाही," तो म्हणाला.

"कोन म्हनते मी हायवेवर चालवतो?" वामनराव म्हणाले. "पुरावा काय हाये?"

"पुरावा तेलात आहे."

मग त्याने बॉनेट उघडलं, तेल बघायच्या दांडीच्या भोकातून एक बारीक नळी आत सोडली, पिचकारीने थोडं काळं तेल ओढलं आणि लॅबच्या बाटलीत भरलं. नत्थुजी शेजारी उभे राहून हे इतक्या गंभीरपणे बघत होते की कोणाला वाटावं, आता पंचनाम्यावर सही करतील. बाटली नागपूरला गेली. गाडी तूर्त कडुनिंबाखाली राहिली आणि रमी सुरू राहिली. आरोपी जामिनावर होते.

रिपोर्ट घेऊन सौमित्र पुन्हा आला तेव्हा मी चिवडा केला होता. निकाल काहीही लागला तरी माणसं खातात. हॉलमध्ये कूलर गरजत होता. वामनराव खुर्चीत, नत्थुजी साक्षीला, मी दाराशी.

"ऐका," सौमित्र म्हणाला. "तेल पार थकलंय. पातळ झालंय, कारण त्यात पेट्रोल उतरलंय. तेलातली औषधं, म्हणजे इंजिनाला जपणारी जी रसायनं असतात, ती संपत आली. एवढं थकायला गाडी हजारो किलोमीटर चालायला हवी. आणि दिवाळीत तेल बदलल्यापासून मीटर दाखवतं फक्त एकशे चाळीस."

"पंपवालाच भेसळ करते," नत्थुजी म्हणाले. "तुमचाच दोस्त हाये ना तो?"

"भेसळ नाही, काका. बाबांनी मीटरची वायर काढलीय."

पोटच्या पोराने बापावर मीटरमध्ये फेरफार केल्याचा आरोप ठेवला, आणि तोही बापाच्याच घरी, आईचा चिवडा खात. पण खरी गंमत पुढेच होती. कागदावर बोट फिरवता फिरवता सौमित्र अडखळला.

"हे जमत नाही," तो म्हणाला. "सिलिकॉन अगदीच कमी आहे. सिलिकॉन म्हणजे धूळ. आपल्या रस्त्यांवर हजार किलोमीटर गाडी फिरली तर तेलात धूळ सापडणारच. इथे धूळच नाही. इंजिन भरपूर चाललंय, पण गाडी रस्त्यावर गेलेली नाही." तो बापाकडे बघायला लागला. "बाबा, गाडी कुठे चालते?"

मी वामनरावांकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बाजूने बोललेला माणूस स्वतःच्या वेळी तोंड मिटून बसला होता. मला त्यांची अडचण दिसत होती. मी चालवतो म्हणावं तर गाडी अकोल्याला जाणार, कारण म्हातारा बाप धोक्यात. मी चालवत नाही म्हणावं तरी ती जाणारच, कारण मग इथे ठेवून करायचं काय? आणि का चालवत नाही, हा पुढचा प्रश्न तर येणारच होता. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांचे हात मांडीवर होते आणि डावा अंगठा उजव्याला सारखा चोळत होता. मला त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली की राग आला.

आणि खोटं कशाला बोलू, दुसरा विचारही लगेच आला. गाडी गेली की हे चौघे माझ्या हॉलमध्ये. पत्ते, चहा, राजकारण, नत्थुजींचा खोकला, सगळं माझ्या कूलरसमोर. माझी दुपार गेली.

"मी चालवतो," मी म्हणाले.

सौमित्र माझ्याकडे वळला.

"तू?" सौमित्र म्हणाला.

"हो. गाडी शिकून राहिली मी. तुह्या बाबाजवळ. तुले सांगनार होती शिकल्यावर."

नत्थुजींनी चिवड्याची मूठ तोंडाजवळ तशीच धरून ठेवली. वामनरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वकील असा कसलेला की साक्षीदार अनपेक्षित बोलला तरी चेहरा हलत नाही.

"चल मग, दाखव," सौमित्र म्हणाला. पुरावा हवा ना त्याला.

आम्ही कडुनिंबाखाली गेलो. मी जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. पण रोज काचेतून चहा देताना माणूस काही डोळे मिटून देत नाही. पदर खोचला, क्लच दाबला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी एसीचं बटण दाबलं, आरसा थोडा हलवला, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि बसून राहिले.

सौमित्रने बराच वेळ वाट पाहिली.

"पुढे?"

"पुढचं अजून नाई झालं," मी म्हणाले. "एवढंच शिकवलं आतापर्यंत."

"दिवाळीपासून एवढंच?"

"तुहे बाबा शिकवतेत, बापा. त्यायच्या हातून पयल्या तारखेले कोनता निकाल लागला हाये?"

सौमित्रने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग सुरू असलेल्या आणि जागची न हललेल्या गाडीकडे. इंजिन चालतंय, गाडी चालत नाही, धूळ नाही. सगळे आकडे बसत होते. माझ्यावर नव्हे, पण आकड्यांवर त्याचा विश्वास आहे, आणि आकडे माझ्या बाजूने होते. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "आई, तू मला सांगितलं का नाहीस?" म्हणाला. लॅबवर एवढी श्रद्धा असलेला मुलगा पोटी आल्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

खोटं बोलण्याची शिक्षा असते, ती मला लगेच झाली. जाण्याआधी त्याने माझं नाव ड्रायव्हिंग क्लासात घातलं. वर रिपोर्टखालचा लॅबचा सल्ला वाचून दाखवला. तेल बदला, गाडी उभी ठेवून इंजिन चालवू नका, आठवड्यातून एकदा तरी लांबवर न्या म्हणजे तेलात उतरलेलं पेट्रोल उडून जाईल. लांबवर म्हणजे अकोला, हे त्याने परस्पर ठरवलं.

म्हणून या वयात मी गाडीने आठचा आकडा काढला. क्लासातली दीक्षा नावाची मुलगी शिकवायची. पहिल्या दिवशी मी गाडी नाल्याच्या कडेला नेली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काकू, ब्रेक नावाची एक गोष्ट असते." ही मुलगी मला आवडली. दिवाळीच्या आत माझं लायसन्स आलं. रमीची बैठक तोवर नत्थुजींच्या हॉलमध्ये गेली होती, कारण गाडी उभी ठेवून इंजिन चालवायचं नाही असा लॅबचा हुकूम. त्यांच्या भागीरथाबाई माझ्याशी बोलत नाहीत. माझी दुपार मात्र शाबूत राहिली.

पहिल्यांदा अकोल्याला निघाले त्या सकाळी मी ठरवलं होतं की एकटी जायचं. गाडीत कोणी बोलणार नाही, केवढं सुख. गेट उघडते तर वामनराव इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसलेले.

"नव्या ड्रायव्हरसंगं जानकार मानूस पायजे," ते म्हणाले.

बडनेरा मागे पडलं तरी जाणकार माणूस न थांबता बोलत होता. गिअर बदल. बदलू नको. ट्रकच्या मागे राहू नको. ट्रकच्या पुढे जाऊ नको. मूर्तिजापूर आलं तेव्हा मला त्यांना एखाद्या थांब्यावर उतरवून एसटीत बसवावंसं वाटत होतं. मग एकाएकी ते गप्प झाले. मला वाटलं, झोप लागली. वळून बघायची माझी छाती नव्हती, नजर रस्त्यावर होती.

"वच्छला," ते म्हणाले. "तुले मालूम होतं ना?"

"काय?"

"डोयाचं."

मी हो म्हणाले. उगाच तारीख कशाला मागायची?

"कवापासून?"

"चहा सांडला तवापासून."

ते काचेबाहेर बघायला लागले. बोरगाव मंजूच्या अलीकडे दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. माझ्या बाजूचा त्यांना दिसत असावा, त्यांच्या बाजूचा नाही.

"मी गाडी चालवत होतो तवा तू डाव्या अंगाले बसे," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तू दिसतच नवती मले. आवाज ये फक्त. लय भेव वाटे. मनून सोडली मी गाडी, कोनी सायकलवाला खाली येईन या भेवानं नाई."

मी गिअर बदलला. तो चुकीचा पडला आणि गाडी गचका खाऊन सावरली. जाणकार माणसाने एक शब्द काढला नाही. तो मान माझ्याकडे वळवून बसला होता.

"आता दिसतं," ते म्हणाले. "उजव्या अंगाले हायेस ना."

"मंग चूप बसून पाहा," मी म्हणाले.

आणि अकोला येईपर्यंत ते खरंच गप्प बसले.