नाळीवरचं नाव

प्रीतलचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. त्या लग्नासाठी तिच्या बापाने, बेनेडिक्टने, होडीला रंग दिला आणि नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकावर, ठसठशीत नाव घातलं, 'देवमाता ४१७'. ग्रेसी, त्याची बायको, उतारवयात देवळाच्या वर्गात अक्षरं शिकली. कुणी न सांगता तिने वाचलेलं पहिलं नाव ते.

पुढल्या वर्षी पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला. कुठली होडी गेली, कुठली आली, कुठल्या बंदराला लागली, सारं त्यात. ठरल्या दिवशी होडी 'आली' झाली नाही, की शोधाचा निरोप सुटायचा. काम ग्रेसीच्या मुलाकडे, डेरिककडे. कळा दाबताना पुटपुटायची त्याची खोड. डबा घेऊन गेलेल्या ग्रेसीने ऐकलं, "देवमाता, चार, एक, सात."

"हा तुजा पासवर्ड? अरे, नालीवर लिवलंय ते! अख्खं बंदर वाचतं."

"आय, तू शिकलीस म्हनून अख्खं बंदर शिकलं काय?" डेरिक हसला.

"कुलूप लावून चावी दारालाच टांगलीस, बाबा."

आठवड्याने ज्युडची होडी कॉम्प्युटरात 'आली' निघाली. ज्युड तर अजून समुद्रात होता. डेरिकने नोंद पुसली. "माजंच बोट चुकलं असेल."

"तुजंच बोट कशावरून? आजच बदल."

"रविवारी बदलतो, आय."

रविवार आला तसा गेला.

मंगळवारी बेनेडिक्ट यायचा होता. आला नाही. फोन लागेना. संध्याकाळी ग्रेसी सोसायटीत गेली.

"हे बघ," डेरिक म्हणाला, "आली, सातपाटी. मासली तिथं उतरवली असेल. उद्या येतील पप्पा."

"ही नोंद कोनी केली? तू?"

"मी नाय. मॅनेजरने केली असेल."

ग्रेसी घरी आली आणि बेनेडिक्टला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली.

बुधवारी दिवस कलताना डेरिकने सातपाटीला फोन लावला. 'देवमाता' तिथे कुणी पाहिलीच नव्हती. मॅनेजरनेही नोंद केली नव्हती. होडी 'आली' झाल्याशिवाय पुढचं डिझेल मिळत नसे. आपलं डिझेल आधीच सुटावं म्हणून कुणीतरी आत शिरून, संशय नको म्हणून समुद्रातल्या सगळ्याच होड्या कॉम्प्युटरात बंदराला लावल्या होत्या. आत शिरायला नाळीवरचं नाव पुरलं होतं.

शोध तेव्हा सुरू झाला. गुरुवारी सकाळी बेनेडिक्टचा खलाशी मर्विन जाळ्याच्या तरंगत्या बोयऱ्याला बिलगलेला सापडला. होडी मंगळवारी दुपारीच बुडाली होती. "नाखवा बुधवारभर म्हनत होता," तो म्हणाला, "डेरिक आहे तिथं, आपल्याला शोधतील."

बेनेडिक्ट नाखवा गुरुवारी, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी, पहाटे समुद्रात वारला.