चुन्याखालचं पाणी

मोजणीबाई येणार म्हणून आम्ही अख्ख्या गावाला चुना लावला. ही अक्कल कुणाची, ते आता कुणीच कबूल करत नाही. पुढारी म्हणतो शिंपीणकाकूंची, काकू म्हणतात पुढाऱ्याची. पण चुन्याची पहिली बादली कालवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते आमच्या आबांना. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, त्यांनी ब्रश हातात घेतल्यावर बाकीचे मागे कसे राहतील?

एवढी धावपळ कशासाठी, तर आमचं गाव नदीच्या अगदी कुशीत आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे नदी, आणि नदीला जेव्हा वाटेल तेव्हा ती घरात येते. गेल्या वर्षी आली ती रात्रभर राहिली. त्यानंतर वरच्या कचेरीने सांगितलं की ज्यांच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी चढलं त्यांना वरच्या पठारावर घरासाठी जागा देऊ, पण पाणी कुठवर चढलं हे परवाना असलेल्या मोजणीदाराने मोजून दिलं पाहिजे. आमच्याकडे पाठवायला माणूस नाही, तुमचा तुम्ही शोधा.

शोधा म्हणणं सोपं आहे. पहिला मोजणीदार झुलत्या पुलापर्यंत आला, पुलाकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेला. दुसरा फोनवर गोड बोलायचा आणि दर आठवड्याला त्याची कुणीतरी मावशी आजारी पडायची. पुन्हा पावसाळा तोंडावर आला तेव्हा पुढाऱ्याने कुठूनशी एक बाई शोधून काढली. (त्याला कुणी निवडून दिलेलं नाही, पण तो सगळीकडे पुढे असतो म्हणून पुढारी.) ती म्हणाली, "आधी येऊन बघते, मग काम घ्यायचं की नाही ते सांगते."

बस, या एका वाक्याने गाव पेटलं. येऊन बघते म्हणजे गाव बघण्यासारखं हवं! लोकांनी गटारं उपसली, पायऱ्या घासल्या, सलूनवाल्याने आपल्या खुर्चीला नवं रेक्झिन लावलं. आणि भिंतींवर पुराच्या चिखलाने ओढलेली ती तपकिरी, ओंगळ रेघ, जी वर्षभर आमच्याकडे बघत होती, ती आम्ही चुन्याचे दोन-दोन हात देऊन पार बुजवली. मी स्वतः शिंपीणकाकूंची मागची भिंत रंगवली. आमच्या घरात मात्र आबांनी मला ब्रशला हात लावू दिला नाही.

ते का, हे मला माहीत होतं, आणि त्याचाच मला भयंकर राग होता. आबांचं म्हणणं असं, की आपल्या घरात पाणी आलं ते घोट्यापर्यंत. हे घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं, गावातल्या सगळ्यात खोलगट जागी, पण चांगलं उंच जोतं घालून. "लोकांची घरं बुडतात, माझं बुडत नाही," हे ते पुराआधी म्हणायचे आणि पुरानंतर जरा जास्तच जोरात म्हणायला लागले. त्या रात्री मी दोन्ही पोरांना घेऊन पोटमाळ्यावर होते. पोटमाळा फळकुटांचा, चौथं माणूस पेलणारा नव्हता, म्हणून आबा खाली स्वयंपाकाच्या ओट्यावर उभे राहिले. वर काळोखात मला दिसत काही नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. माझा नवरा ट्रक घेऊन खाली शहरात अडकलेला. उजाडल्यावर, पाणी ओसरलं तेव्हा मी खाली उतरले, तर भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. आणि आबा हातात ओलं फडकं घेऊन ती पुसत होते. "पाण्याची नाही ती, चिखल उडालाय," म्हणाले.

उडालाय! खांद्याएवढा, चारी भिंतींना, एका रेषेत! पण सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी गप्प बसले. वर्षभर गप्प बसले, आणि प्रत्येक ढगाळ संध्याकाळी पोरांचे कपडे पिशवीत भरून ती पिशवी उशाशी घेऊन झोपले. मला त्या पठारावर जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

मोजणीबाई आली ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, खांद्यावर लोखंडी तिपाई आणि पाठीवर पेटी घेऊन. पूल तिने असा ओलांडला, जणू अंगणातून चालली आहे. आम्ही सगळे चौकात उभे, आमच्या मागे पांढरीशुभ्र घरं उन्हात चमकताहेत. मला तर फारच अभिमान वाटला. आता म्हणेल, किती सुंदर गाव!

तिने सावकाश सगळीकडे नजर फिरवली. मग विचारलं, "पुराच्या खुणा कुठेत?"

पुढारी छाती फुगवून पुढे झाला. "एक ठेवली नाही बघा बाई! एकसुद्धा!"

बाईंनी पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मी त्या खुणाच मोजायला आले होते."

सलूनवाला हळूच आपल्या भिंतीकडे वळून नखाने चुना खरवडायला लागला. दुसरा हात दिला होता, तो निघेना, आणि खालचा चिखल चुना लावायच्या आधीच धुऊन काढलेला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर असा नेमका धोंडा पाडून घेणारी माणसं शोधून सापडायची नाहीत.

"खुणाच नसतील तर मी मोजू काय?" बाई उठल्या. "नुसतं सांगण्यावर कचेरी विश्वास ठेवत नाही. माफ करा."

त्यांनी पेटी उचलली. त्या खरंच निघाल्या! पुढारी चहाचं बोलायला लागला, कुणी म्हणालं जेवून तरी जा. तेवढ्यात शिंपीणकाकू गर्दीतून उसळल्या.

"अहो, खुणा कशाला पाहिजेत? मला विचारा ना! मी माझ्या मशीनजवळ उभी होते, आणि पाणी इथं होतं. इथं!" आणि त्यांनी आपल्या बरगडीवर अशी थाप मारली की त्यांनाच ठसका लागला.

बाई थांबल्या. वळल्या. "कुठे उभ्या होतात? तिथे जाऊन उभ्या राहा बघू."

काकू धावत घरात गेल्या. बाईंनी तिपाई रोवली, तिच्यावर दुर्बीण बसवली, दारातून नेम धरला. पुढाऱ्याच्या हातात लाल-पांढऱ्या खुणांची उंच पट्टी दिली आणि त्याला काकूंच्या शेजारी उभं केलं. मग सलूनवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही कुठे होतात?"

"खुर्चीवर. म्हणजे खुर्चीवर उभा. पाणी मांडीला."

"मग चढा खुर्चीवर."

तो नव्या रेक्झिनवर बूट न काढता चढला. बाईंनी पट्टी तिकडे न्यायला लावली, दुर्बिणीतून बघितलं, पुन्हा काकूंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "जुळतंय," त्या म्हणाल्या. "बोटाचा फरक नाही. जमीन खालीवर असली तरी शेजारशेजारच्या घरांत पाण्याची पातळी एकच असते. तुम्ही खरं सांगितलंत तर ते जुळणारच."

मग काय विचारता! अख्खं गाव आपापल्या जागेकडे पळत सुटलं. जो झाडावर होता तो झाडावर चढला आणि वरून ओरडायला लागला, "आधी माझं घ्या, मुंग्या चावतायत!" एक नवराबायको दारातच भांडायला लागले, पाणी त्याच्या कमरेला होतं की तिच्या, आणि शेवटी कळलं की दोघांचंही खरं आहे, तो पायरीवर होता आणि ती खाली. शाळेतली एक मुलगी गुडघे वाकवून उभी राहिली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी वर्षात वाढले ना! तेव्हा एवढीच होते." बाईंनी तिला शाबासकी दिली. दर घराला बाई "जुळतंय" म्हणायच्या आणि मागची गर्दी मोठ्याने आरोळी ठोकायची, "जुळतंय!" मी सगळ्यांच्या पुढे पळत होते. जिथे पाणी होतं तिथे आता माणसं उभी होती, हात छातीला, कमरेला, गळ्याला लावून, आणि हसत होती. मी इतकी खूश वर्षभरात झाले नव्हते.

अशी वरात आमच्या दारात आली. बाईंनी आधीच एक गोष्ट बजावली होती: "मी कुणाच्या घरात माझ्या अंदाजाने रेघ ओढत नाही. घरच्यांनी दाखवायची, मी ताडून बघणार. जुळली नाही तर ते घर मी सोडून देते."

आबा उंबऱ्यात उभे होते, हाताची घडी घालून.

"आबा, कुठवर होतं पाणी?"

"घोट्यापर्यंत."

मागे कुणीतरी खाकरलं. बाईंनी दुर्बीण लावली, मान हलवली. "नाही हो जुळत."

"मग तुमचं यंत्र बिघडलंय," आबा म्हणाले.

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. सून आहेस, चार माणसं बघताहेत, नवरा घरी नाही, हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मी आबांच्या बगलेतून आत शिरले, भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि खांद्यावर हात ठेवला. "इथवर होतं!" मी ओरडलेच. "सकाळी मी बघितलंय. आबा, पुरे झालं आता. मला पोरांना घेऊन वर जायचंय!"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी पुढाऱ्याला पट्टी माझ्या शेजारी धरायला सांगितली, डोळा लावला, पुन्हा काकूंच्या घराकडे बघून आल्या, पुन्हा डोळा लावला.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचंही जुळत नाही."

"असं कसं? मी स्वतः बघितलंय!"

"शेजारी पाणी याच्याहून पुष्कळ वर होतं. तुम्ही कमी दाखवताय."

कुणीतरी हसलं, "सासरा तशी सून!" माझे कान तापले. वर्षभर जी एक गोष्ट मी छातीशी धरून बसले होते, तीच चूक निघाली. आणि आता हे घर सोडून देणार, पट्टी पुढच्या दारात जाणार. बाईंनी पुढाऱ्याला निघायची खूणही केली.

"थांबा," आबा म्हणाले.

ते आत आले. हात टेकत स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले, वयामुळे जरा वेळ लागला. सरळ उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. मग त्यांनी तळहात आडवा केला आणि आपल्या हनुवटीखाली धरला.

पुढाऱ्याने पट्टी त्यांच्या शेजारी धरली. बाईंनी दुर्बिणीतून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "जुळलं." या वेळी कुणी आरोळी ठोकली नाही.

"आबा," मी म्हणाले, "इथवर? मी वर तर होते... तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"हाक मारून तू काय करणार होतीस? खाली उतरली असतीस." ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "सकाळी तू उतरेपर्यंत वरचं मी पुसून घेतलं होतं. खालचं राहिलं, तेवढ्यात तू आलीस."

"पण पुसलंत कशाला?"

"ते बघितलं असतंस तर पोरांना घेऊन माहेरी गेली असतीस. परत आली असतीस का?"

उत्तर त्यांना माहीत होतं आणि मलाही. गेले असते. परत आले नसते. वर्षभर मी या माणसावर दात-ओठ खात होते, हट्टी म्हातारा, घमेंडखोर म्हातारा, आणि हा माणूस माझ्या पायांखाली काळोखात गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता आणि वर मला कळू नये म्हणून खोकलासुद्धा नव्हता. मला त्यांचा रागच आला, आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि ओट्यावरून उतरले. दाराच्या चौकटीत उभ्या शिंपीणकाकू पदराने डोळे पुसत होत्या. बाईंनी पेन्सिल काढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, आबांच्या हनुवटीच्या उंचीला, एक रेघ ओढली.

आबांनी ती रेघ नीट पाहिली, गवंडी बघतो तशी, एक डोळा मिटून. सरळ होती. मग ते बाईंकडे वळले.

"बाई, काम घेतलंत का मग आमचं?"

"घेतलं की," बाई म्हणाल्या. "अर्धं तर झालंसुद्धा."

"मग एक सांगा. वर पठारावर खडक किती खाली लागेल?"

"फार खोल नाही. हातभर खणलं की लागेल."

"हातभर," आबा म्हणाले, आणि माझा हात अजून त्यांच्याच हातात होता. "सूनबाई, पाया मीच घालणार हं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."