रेगन, दोन मित्र आणि मी

मित्रांनो, मी जपानमधला एक जुना कोतात्सू. तुमच्यापैकी अनेकांनी माझं नावही ऐकलं नसेल. मी म्हणजे एक बुटकं लाकडी टेबल. पोटाशी विजेची छोटी शेगडी, अंगावर जाड रजई आणि तिच्यावर फळी. थंडीत माणसं जमिनीवर बसून माझ्याखाली पाय घालतात आणि मग कोणालाच उठावंसं वाटत नाही.

उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. ज्या घरात पहिल्यांदा गेलो, तिथली मुलं माझ्याभोवतीच वाढली. पुढे ती पांगली, घर रिकामं झालं आणि मी तोक्योतल्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. माझ्यावर खुर्च्या उलट्या करून ठेवत. रजई नाही, ऊब नाही, आणि पाय तर कोणाचेच नाहीत.

मग २०११ चा मोठा भूकंप झाला, वीजकेंद्रं बंद पडली. वीज जपून वापरा, असं जो तो सांगू लागला. त्याच हिवाळ्यात नंदिनी दुकानात आली. तिचा नवरा यतीन मुंबईच्या बँकेतून इथे बदलीवर आला होता आणि ते सगळे तोक्योतल्याच हिगाशी-कसाई भागात राहत. "अख्खी खोली तापवण्यापेक्षा हा बरा," म्हणत तिने मला घरी नेलं. त्यांची मुलगी कौमुदी माझ्याखाली पाय घालून अभ्यास करायची आणि तिथेच झोपूनही जायची.

आमच्याकडे नेहमी येणारा पाहुणा म्हणजे सत्यजित. तो यतीनचा कॉलेजपासूनचा मित्र. उत्तरेकडच्या सेंदाई शहरातल्या विद्यापीठात संशोधन करायचा. तोक्योत काम निघालं की मुक्कामाला आमच्याकडेच. तो आला की नंदिनी थालीपीठं लावायची. दोघं मित्र समोरासमोर बसायचे, माझ्याखाली एकमेकांच्या पायांना ढकलायचे आणि वाद घालायचे. क्रिकेटवरून, गाण्यावरून, कशावरूनही. मला ते फार आवडायचं.

एका जानेवारीत कौमुदीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय होता अमेरिकेचे माजी अध्यक्ष रेगन. त्यांनी देशाचं भलं केलं की नुकसान? कौमुदीकडे भलं केलं ही बाजू आली होती.

"मग सोपं आहे," यतीन म्हणाला. "तुझ्या रविकांतकाकांचंच सांग. कागदपत्रांशिवाय अमेरिकेत राहिला होता. इकडे यायचं तर परत जाता येणार नाही, म्हणून आमचे वडील गेले तेव्हाही आला नाही. पुढे रेगननी कायद्यावर सही केली, अशा लाखो लोकांना राहायची मुभा मिळाली. मग दादा घरी आला. आई दारातच त्याचा चेहरा चाचपत उभी राहिली होती."

सत्यजितने हातातली वाटी खाली ठेवली. "आणि ज्यांना त्याच माणसाने रस्त्यावर आणलं, त्यांचं काय? मी अमेरिकेत ओहायोला शिकत होतो, तेव्हा विमानतळावरून विमानांना मार्ग दाखवणाऱ्या एका कंट्रोलरच्या घरी भाड्याने राहायचो. देशभरच्या कंट्रोलरनी संप केला. रेगननी हजारो माणसं एका फटक्यात कामावरून काढली. माझ्या घरमालकांचं घर गेलं, यत्या. मला मुलासारखं जेवू घालणारा माणूस."

"संप बेकायदा होता. मुदत दिली होती त्यांना. नाही ऐकलं, भोगलं!"

"तुझा भाऊ काय कायद्याने राहत होता?"

"भावजी, चहा ठेवू का?" नंदिनीने विचारलं. सत्यजितने माझ्याखालून पाय काढून घेतले, सगळ्यांचा निरोप घेतला आणि तो हॉटेलवर राहायला गेला.

त्यानंतर तो आला नाही.

स्पर्धेत कौमुदीने काकांची गोष्ट सांगितली. पण तिला राहवलं नाही, घरमालकांचीही सांगितली. बाजू सोडून बोलली, म्हणून तिचे गुण कापले. घरी येऊन ती रजईत शिरली आणि रडली. "मला दोघंही खरे वाटतात, आई," ती म्हणाली. यतीन दारात उभा राहून ऐकत होता. तो तसाच आत निघून गेला.

मित्रांनो, दर थंडीत रजई अंगावर पडली की मला वाटायचं, आज तरी दारावरची बेल वाजेल. सत्यजित बसायचा ती बाजू गार नसायची, पण रिकामी असायची. थालीपीठं व्हायची, यतीन एखादा घास खायचा आणि समोर बघत राहायचा. फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवून द्यायचा.

मग बदलीची मुदत संपली. घर आवरायला काढलं. मला टाकून द्यायचं ठरलं; इथे मोठं सामान कचऱ्यात द्यायचं तर पैसे भरून स्टिकर चिकटवावं लागतं, तेही आलं. ते हातात घेऊन यतीन बराच वेळ बसला आणि त्याने शेवटी फोन लावला.

"सत्या, कोतात्सू नेतोस का रे? टाकवत नाही."

सत्यजित गाडी घेऊन आला. केस पांढरे झाले होते. रजई आधीच बांधून ठेवली होती, तरी दोघं सवयीने माझ्याजवळ बसले.

"नाव काय होतं रे त्यांचं? तुझ्या घरमालकांचं?" यतीनने विचारलं.

"फ्रँक." सत्यजित म्हणाला. "पुढे शाळेची बस चालवायचे. मी गेलो की तरीही जेवायला थांबवायचे." मग जरा थांबून तो म्हणाला, "दादांबद्दल मी असं बोलायला नको होतं. वडिलांच्या वेळी त्यांनी काय सोसलं असेल!"

"रेगन चांगलाच होता पण," यतीन डोळे पुसत म्हणाला.

"मुळीच नाही," सत्यजित म्हणाला आणि दोघं हसले.

आता मी सेंदाईला असतो. रविवारी सत्यजित माझ्यावर लॅपटॉप उघडतो. पलीकडे ठाण्याला यतीन असतो. रेगनवर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही. आवाज चढतात, नंदिनी मधूनच ओरडते. सगळं पूर्वीसारखंच आहे. पण माझ्या रजईखाली पाय मात्र एकाच माणसाचे असतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. पण समोरचा माणूस हाताच्या अंतरावर आहे तोवर त्याचं पुरतं ऐकून घ्या, आणि तो उठू लागला तर त्याला बस म्हणा. ऊब मी देऊ शकतो. थांबवणं मला जमत नाही.