बनुबाईचा बा कुठं उभा हुता

कॉलेजातल्या पोरांनी माझी रिक्षा ठरवली तवा मला वाटलं, सांगली बगायची आसंल. गणपती, घाट, पूल, झालं काम. तर न्हाई. ह्यांना आजची सांगली नकोच हुती, जुनी पायजे हुती.

"म्हंजी कसं रं?" मी इचारलं.

ऋषिराज म्हणून पोरगा, कराडकडचा, ऊसवाल्या घरातला. त्येनं फोन फुडं केला. "सयाजीमामा, लोकांच्या घरात जुने फोटो असतात. ते फोनवर उतरवून घ्यायचे. फोटो जिथनं काढलाय ती जागा हुडकायची, तिथंच उभं राहून आजचा फोटो काढायचा, आणि दोन्ही नकाशावर टाकायचे. जागेवर बोट ठेवलं की तवाचं आणि आत्ताचं दोन्ही दिसणार."

"आणि ह्येला मार्क हायेत?"

"हायेत की," प्रांजल म्हणाली. ही म्हसवडकडची. हिचा आजा मेंढरं घेऊन हिंडायचा, ही फोन घेऊन हिंडतीया.

मी शाळा शिकलो चौथीपतूर. इतिहास म्हंजी सन पाठ करायचं आणि चुकलं की छडी खायाची. रिक्षात बसून बी इतिहास हुतोय, ह्ये मला नवीन. मग मीच त्यांना रोज इचाराय लागलो, आज कुठं?

बाकीचे फोटो जुळले. एक अडला, त्यो बनुबाईचा.

बनुबाई मार्केट यार्डाच्या गेटावर च्या विकती. साठीच्या फुडं गेलीया, तोंडानं फटकळ, पन च्या झकास. डावरी हाय. आलं कुटायचं डाव्या हातानं, गाळायचं डाव्या हातानं. ल्हानपणी त्यापायी लय मार खाल्ला, चुलती हात बांधून ठेवायची. बा ती पाळण्यात हुती तवाच गेला. त्येचा एकच फोटो: पेठेत हळदीचा सौदा चाललाय आणि मागं बा उभा हाय. हमाल माणूस, पोती वडायचा हूक डाव्या हातात. त्यो फोटो दावून बनुबाईनं चुलतीला सुनावलं हुतं, "मी बापावर गेलीया. त्येचा हात बांधला हुता का कुणी?"

पोरांना फोटो देताना ती म्हणाली, "त्यो कुठं उभा हुता तेवढी जागा दावा. मला तिथं एकदा उभं ऱ्हायाचंय. बापाजवळ उभी ऱ्हायल्याचं मला काय आठवत न्हाई."

फोटोत डाव्या अंगाला दगडी कमान, उजव्या अंगाला पिंपळाचा पार, मागं देवळाचं शिखर. दुकानाची पाटी एक बी दिसत न्हाई. पेठेत कमान घावली, पिंपळ बी घावला. पन शिखराकडं तोंड केलं की कमान उजवीकडं आणि पिंपळ डावीकडं. पलीकडनं येऊन बगितलं तर ते दोन्ही बरोबर, पन शिखर आपल्या पाठीमागं.

"पिंपळ हलवला असंल," ऋषिराज म्हणाला.

"पिंपळ काय पोतं हाय व्हय, उचलून पलीकडं टाकायला?"

दमून बनुबाईच्या गाड्यावर च्याला बसलो. प्रांजल फोनवर फोटो बगत हुती. "मामा, सौदा करणाऱ्या ह्या दोघांनी हातावर रुमाल का टाकलाय?"

मी रिक्षा घ्यायच्या आदी हमालीच केली हुती. म्हणलं, "भाव कुणाला कळू नये म्हणून. रुमालाखाली बोटं दाबायची, बोटाबोटाला आकडा. तोंडानं एक शबुद न्हाई. आन हिकडं हात."

तिनं हात फुडं केला, डावा. उजव्यात फोन हुता.

"डावा कशाला? सौदा उजव्या हातानं. डावा फुडं केला तर समोरचा उठून जाईल."

पोरीनं हात मागं घेतला आणि फोटो मोठा केला. लय येळ बगत बसली. "मामा, ह्या दोघांचे पण डावेच हायेत."

तिनं बोटानं काय तरी केलं आणि फोटो आरशात बगितल्यागत फिरला. कमान उजवीकडं गेली, पिंपळ डावीकडं. ऋषिराज बाकड्यावरनं उठलाच. "छापणाऱ्यानं फिल्म उलटी ठेवली हुती. मावशी, जागा घावली."

बनुबाईनं पदराला हात पुसून फोन घेतला. आमी हसत हुतो, ती न्हाई.

"ह्यो हूक आता उजव्या हातात दिसतोय," ती म्हणाली.

मग आमच्या टाळक्यात परकाश पडला. प्रांजल माझ्या कानाशी आली. "चुकलं, जागा न्हाई घावली म्हणून सांगू का? उलटाच राहू दे फोटो."

"मला नगं इचारू. तिला इचार."

बनुबाईनं ऐकलं हुतं. च्या उतू चालला हुता, तिनं भांडं उतरवलं, डाव्याच हातानं. "सुलटा हाय त्यो ठेवा. बाला उलटा कशाला उभा करायचा? ह्यो हात माझाच म्हणायचा मग." आणि गाडा शेजारणीवर सोपवून रिक्षात बसली.

जागा नेमकी रस्त्याच्या मधोमध निघाली. मी रिक्षा आडवी घातली. ऋषिराज शिखर आणि कमान जुळवत "मावशी, एक पाऊल मागं, जरा डावीकडं," करत हुता. मागं गाड्यांचे भोंगे सुरू झाले. एक मोटारसायकलवाला वरडला, "आवं मामा, रस्ता काय बापाचा हाय व्हय?"

"व्हय, बापाचाच हाय," बनुबाई म्हणाली. "जरा थांब."

त्येनं गाडी बंद केली.

ती तिथं उभी ऱ्हायली. पायाखाली बगितलं, हिकडंतिकडं बगितलं. तोंड कसं तरी झालं, मग निवळलं.

"मावशी, इकडं बगा," प्रांजल म्हणाली.

"आदी त्यो फोटो दे." तिनं फोन डोळ्याजवळ धरला. "सगळी रुमालाकडं बगत्यात. माझा बा तिकडं वर बगतोय. काय हुतं रं सयाजी तिथं?"

मी मान वर केली. आता तिथं मोबाईलच्या दुकानाची पाटी. तवाचं मला काय ठावं?

"त्या बाजूचा फोटो अजून कुणाकडनं मिळाला न्हाई," ऋषिराज म्हणाला.

"मग मागा की घराघरात जाऊन. मीबी येते," बनुबाई म्हणाली, आणि बा बगत हुता तिकडं तोंड करून उभी ऱ्हायली. "हं, काढ आता."