वीस जीबी जागा

दुकानदारानं भलतीच वस्तू हातात ठेवली, तरी ती बदलून आणायला मी ताईला पाठवतो. माझा स्वभावच तसा. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यावर कुणाचा विश्वास बसेल असं वाटत नाही. ताईचाही अजून पुरता बसलेला नाही, आणि आम्ही सत्तर वर्षं एकमेकांना ओळखतो.

निवृत्तीनंतरही मी अर्धा दिवस वाचनालयात जातो. तिथल्या तळघरात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. त्यांतले पुष्कळ लेख निनावी. ते कुणी लिहिले असतील हे भाषेवरून, लकबींवरून शोधायचं, प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आणि खाली टिपण लिहायचं, हे काम मी सहा वर्षं केलं. नीट केलं की नाही, कोण जाणे. निम्म्या टिपणांपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. फोटो पुरे झाल्यावर व्यवस्थापकांनी खंड रद्दीत घातले. म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना, काका?"

तेव्हा होतं. गेल्या वर्षी मुख्य कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पॅच बसवायचे होते. दर थोड्या दिवसांनी करावी लागते तसली डागडुजी. मध्येच डिस्कवरची जागा संपली. व्यवस्थापकांनी सगळ्यांत जाडजूड फोल्डर शोधला आणि कायमचा पुसून टाकला. तो माझा होता.

"कुठे एखादी प्रत असेल का हो?" मी विचारलं.

"कसली प्रत? काका, तुमचं ओझं हलकं केलं मी. आता आराम करा."

चहाला जमलेले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"हसलास?" ताई म्हणाली. "अरे, तुझ्या अंगात रक्त आहे की शाई?"

मी अर्ज केला. यापुढे काहीही पुसायचं तर चिठ्ठी लिहावी, त्यावर व्यवस्थापकांची सही घ्यावी. त्यांनी तो मान्य केला, बहुधा कीव येऊन. ते काम माझ्याकडेच आलं. मग मी दर आठवड्याला एक चिठ्ठी नेऊ लागलो. फोल्डरचं नाव, आकार, खाली 'पुसल्यावर परत मिळणार नाही'. सगळा खराखुरा कचराच. पहिल्या तीन चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या. चौथीला "हे काय?" एवढंच विचारलं. दहावीनंतर ते मान वर न करता नुसता हात पुढे करू लागले. वर्षभरात एकेचाळीस सह्या झाल्या.

याच काळात वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी एक चित्रफीत करायला घेतली होती. व्यवस्थापक कपाटांमधून चालताहेत, व्यवस्थापक पुस्तक उघडताहेत, व्यवस्थापक खिडकीतून बाहेर बघताहेत. एकाच दिवशी तीन सदरे बदलले होते. 'वाटचाल' नावाचा फोल्डर, त्रेसष्ट जीबी. कॅमेरेवाल्याची मेमरी कार्डं केव्हाच पुसून परत गेली होती.

मग एका पॅचच्या आठ दिवस आधी कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला.

"काका, या खेपेला मोठा पॅच आहे. वीस जीबी मोकळी ठेवा हं."

"बरं," म्हणालो आणि त्या आठवड्यात मी काहीच साफ केलं नाही. काही न करणं मला चांगलं जमतं.

पॅचच्या दिवशी सकाळी अकराला पॅच अडतीस टक्क्यांवर अडकला. पडद्यावर आलं, डिस्कवर पुरेशी जागा नाही. काउंटरसमोर रांग वाढत गेली. पुस्तक देता येईना, घेता येईना.

"मशीन बंद करू नका," कॉम्प्युटरवाला फोनवर ओरडला. "आधी जागा करा!"

व्यवस्थापक केबिनमधून, फोन कानाला लावूनच बाहेर आले. "काका, बघत काय बसलात? सगळ्यांत मोठं काय आहे ते उडवा!"

मी चिठ्ठी लिहिली. अक्षर एरवीपेक्षा ठळक काढलं, म्हणजे उद्या मला कुणी काही म्हणायला नको. वाटचाल. त्रेसष्ट जीबी. पुसल्यावर परत मिळणार नाही. ती त्यांच्यापुढे धरताना आपल्याला हे जमणार नाही असंच वाटलं.

"साहेब, एकदा वाचता का?"

हे मी खरंच विचारलं. वाचलं असतं तर मी चिठ्ठी फाडली असती.

"वाचायला वेळ असता तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं?" त्यांनी सही ठोकली आणि फोनवर कुणाशी तरी हसत आत गेले.

काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी पाहिली. त्या हळूच म्हणाल्या, "काका, माझ्या पर्समध्ये डिस्क आहे. त्यावर काढून ठेवू या?"

"नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा हं, होतंय."

मी पुसलं. पॅच एकोणचाळीस झाला, पन्नास झाला, शंभर झाला. रांग हलली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला. मी बेचाळिसावी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, आपल्या सहीवर अंगठा फिरवला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कुठे एखादी प्रत असेल का हो, काका?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. यावर बोलायचं वाक्य मी वर्षभर पाठ केलं होतं, आरशासमोरसुद्धा.

"ओझं हलकं केलं," मी पुटपुटलो.

"काय?"

"नाही म्हटलं. प्रत नाही."

ते उभेच राहिले. मी चिठ्ठी परत घेतली, तारखेनुसार फाइलला लावली आणि गाठ मारली.

त्या दिवशी जेवताना मी वाईट वाटण्याची वाट बघत होतो. ताई माझ्या ताटाकडे बघत होती.

"तिसऱ्यांदा वाढून घेतोयस," ती म्हणाली. "झालंय काय तुला?"

"काही नाही. भूक लागलीय."